धुतलेला सदरा

आमच्या वस्तीत एक संग्रहालय आहे, असे मी बीडमध्ये कोणाला सांगितले की समोरचा माणूस आधी हसतो आणि मी गंभीर आहे हे लक्षात आल्यावर कसले संग्रहालय म्हणून विचारतो. कोळशाच्या खाणीचे, असे उत्तर दिले की त्याचा गोंधळ आणखी वाढतो. बीड जिल्ह्यात कोळसा कुठून आला, हा प्रश्न रास्तच आहे. कोळसा तेलंगणात होता. तो काढणारी माणसे मात्र इथली होती. लिंबागणेशच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या गावातून, निजामाच्या काळात, माझ्या आजोबांच्या पिढीतील काही पुरुष तिकडे गेले. त्यांनी पाठोपाठ भाऊ नेले, मेहुणे नेले, आणि पुढे आमची निम्मी वस्ती खाणीच्या वसाहतीतच जन्मली. शिरूर कासारकडची कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात ती हंगाम संपला की परततात. आमची माणसे गेली ती दोन पिढ्यांनी परतली, जमिनीखालची खाण बंद झाल्यावर, एकेक घर करून. गाव आम्हांला अजून 'खाणवाले' म्हणते.

संग्रहालय म्हणजे विहाराला लागून असलेली एक खोली. पत्र्याची शिरस्त्राणे, कमरेला बॅटरी बांधून डोक्यावर लावायचे दिवे, हजेरीचे पितळी बिल्ले, दोन फावडी, कोळसा वाहायची एक लोखंडी टोपली, आणि काचेच्या पेटीत बंद केलेला खऱ्या कोळशाचा एक मोठा तुकडा. या साऱ्याची कल्पना माझ्या आतेभावाची. तो वडवणीला शाळेत शिक्षक आहे, उत्साही आहे, आणि एखादे काम दुसऱ्याच्या गळ्यात घालताना ते अगदी हलके करून घालण्याची कला त्याला अवगत आहे.

"अक्का, तू काही करू नकोस," तो म्हणाला. "फक्त प्रत्येक वस्तूखाली लावायची कार्डं लिहून दे. चार-चार ओळी. आमची भाषा म्हणजे नुसती धोंडे फोडल्यागत. तुझी कशी, शुद्ध."

मी बीडच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आहे. वर्गाबाहेर चार माणसांत बोलायचे म्हटले तरी माझा आवाज खाली जातो. निवृत्तीनंतर थोडेफार लिहावे असे मनात आले होते, पण धीर होत नव्हता. कार्डे लिहिणे मला जमण्यासारखे वाटले. आपण पडद्यामागे राहायचे आणि शब्दांनी पुढे जायचे, यापेक्षा सोयीचे काम माझ्यासारखीला कुठले? मी होकार दिला. माझे वडीलही खाणीत टोपली वाहत होते. पण सातवीनंतर त्यांनी मला बीडच्या वसतिगृहात ठेवले आणि माझा खाणीशी संबंध उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता उरला. खाली बायकांना जाऊ देत नसत. त्यामुळे मी खाण पाहिली ती वरून, तोंडाशी उभी राहून. हे मी कार्डे लिहायला घेताना स्वतःशी कबूल करायला हवे होते. केले नाही.

संग्रहालयासाठी सर्वांत मोलाची वस्तू दिली ती माझ्या चुलतीने. तिला आम्ही नानी म्हणतो. माझे काका छत कोसळून खाणीतच गेले, तेव्हा ती पंचविशीचीही नसेल. मूलबाळ नव्हते. खाणीने तिला वर, उजेडात, कोळशातले दगड वेचायचे काम दिले आणि ते तिने निवृत्त होईपर्यंत केले. आता ती वस्तीत एकटी राहते. अपघातानंतर काकांची चीजवस्तू म्हणून तिच्या हाती एक गाठोडे आले होते. त्यात त्यांचा सदरा होता. तो तिने इतकी वर्षे तसाच, न धुता, पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवला होता. आतेभावाने वस्तू मागितल्या त्यानंतर दोन दिवसांनी ती स्वतः गाठोडे घेऊन त्याच्या घरी गेली आणि म्हणाली, "ह्ये घे. पर नीट टांग."

गाठोडे माझ्याकडे वर्णनासाठी आले. ते मी उघडले नाही. उघडायला गेले होते. गाठ सैल केली, आतून एक कोंदट, तेलकट वास आला आणि मी हात मागे घेतला. काळ्या कापडाची एक घडी तेवढी दिसली. मी त्या घडीवरून कार्ड लिहिले: 'कोळशाने माखलेला हा सदरा अपघाताच्या क्षणी या श्रमिकाच्या अंगावर होता. त्याच्या शेवटच्या पाळीची काजळी आजही त्यावर आहे.' दुसरे वाक्य मला फार आवडले होते. मी ते तीन वेळा वेगवेगळ्या क्रमाने लिहून पाहिले होते. आतेभावाने वाचले आणि कार्ड दोन्ही हातांनी परत दिले, तेव्हा मला सुख झाले.

गाठोडे त्याने नानीकडेच परत ठेवले. उद्घाटनाआधी टांगू, म्हणाला.

उद्घाटन रविवारी होते. गुरुवारी सकाळी मी सदरा आणायला नानीच्या दारात गेले, तर तो अंगणातल्या दोरीवर वाळत होता. पांढरा नव्हे, पण पांढऱ्याच्या जवळचा, जुन्या कागदासारखा. दोन्ही बाह्या चिमट्यांनी ताणून लावलेल्या, कॉलर नीट उलटवलेली. खाली धुण्याच्या पाण्याचा ओघळ ओट्यापाशी जाऊन काळा साचला होता. नानी ओट्यावर बसून तूर पाखडत होती. मला पाहून तिचा चेहरा खुलला.

"तीन पान्यांनी काढला बघ," ती म्हणाली. "पयल्या पान्यात तर बादली नुसती डांबर. रिठ्यानं निघाला. साबनानं निघत न्हाई."

मला काय झाले ते मी आज नेमके सांगू शकत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते दुसरे वाक्य आले असावे. मी आयुष्यात कधी कोणावर आवाज चढवला नाही, वर्गातही नाही. त्या सकाळी चढवला.

"नानी, तुम्हांला काही कळतं का? हे काय करून ठेवलंत? यात आता राहिलं काय?"

शेजारच्या दोन बाया आपापल्या दारात आल्या. नानीच्या हातातले सूप थांबले.

"पावणे येनार हायेत ना?" ती म्हणाली.

"म्हणूनच! पाहुणे कोळसा पाहायला येणार आहेत. धुतलेले कपडे पाहायला कोण येतं?"

"मळक्या कपड्यात चार लोकांत कसा हुबा करू त्याला?" तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "त्यो असताना कदी केला न्हाई. पाळीवरून आला की आधी आंघूळ, मग दुसरा सदरा, मग भाईर."

"मग इतकी वर्षं का ठेवलात तसाच?"

"तवा कुनाला दाखवायचा न्हवता, पोरी. माझ्यापुरता व्हता."

तिच्या या बोलण्यात किती होते ते मला त्या वेळी ऐकू आले नाही. मी म्हणाले, "शिकला नाहीत तर निदान विचारायचं तरी." हे वाक्य मी उच्चारले, दारात उभ्या असलेल्या बायांनी ते ऐकले, आणि नानीने सूप पुन्हा हलवायला सुरुवात केली. त्यानंतर ती माझ्याकडे न पाहता एवढेच म्हणाली, "तसं का. बरं."

आमच्या बायका कोळशाशी एकाच रीतीने वागत आल्या: तो धुऊन काढायचा. खाणीच्या वसाहतीत दर घरामागे धुण्याचा दगडी पाट होता आणि दर पाटाभोवतीची जमीन काळी होती. माझी आईही तेच करी. या बायकांच्या हाती कोळशाने भरलेले कापड दिले आणि पाहुणे येणार म्हणून सांगितले, तर त्या दुसरे काय करणार? आतेभावाच्या किंवा माझ्या डोक्यात ही गोष्ट येऊ नये, याचे आता आश्चर्य वाटते. आम्ही त्याच पाटांवर धुतलेले कपडे घालून शाळेत गेलो होतो.

सदरा वाळल्यावर मी तो मागितला. "बीडला नेऊन इस्त्री करून आणते," मी म्हणाले. खोलीची किल्ली माझ्याकडेच होती. रविवारी लवकर येऊन मीच टांगीन, असेही सांगितले. नानीने चिमटे काढले, सदरा घडी करून माझ्या हातात दिला. घडी करताना तिने तो छातीवर एकदा हाताने सारखा केला.

काचेच्या पेटीतला खरा कोळसा मला मिळण्यासारखा नव्हता; आतेभावाने पेटी चारी बाजूंनी चिकटवून टाकली होती. बीडमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री वापरतो. मी त्याच्याकडे गेले आणि दोन मुठी कोळसा मागितला.

"कशाला, बाई?"

"दात घासायला," मी म्हणाले.

तो माझ्याकडे पाहत राहिला. "एवढा? सगळ्या गल्लीचे दात घासणार का?" मग त्याने कागदात बांधून दिला आणि वर म्हणाला, "मीठ घाला थोडं. नुसत्यानं हिरड्या सोलतात." मी मान डोलावली. त्याने चांगल्या मनाने सल्ला दिला होता.

दुपारी दार लावून मी तो कोळसा पाट्यावर वाटला, ओल्या कापसाचा बोळा केला आणि सदरा जमिनीवर वर्तमानपत्रावर पसरला. मी छातीपासून सुरुवात केली, कारण भिंतीवर टांगल्यावर आधी छातीच दिसणार होती. मग पोट, मग बाह्यांचा पुढचा भाग. चित्रकलेच्या तासाला मुली छायाभेद करतात तसे मी कडेकडेने काळे फिके करत नेले. एका जागी जास्त झाले, तिथे पुसले. मग उठून चार पावले मागे गेले आणि डोळे बारीक करून पाहिले. ते मला खरे वाटले. हे लिहायला माझा हात धजत नाही, पण त्या क्षणी मी समाधानी होते. चोरी करतो आहोत असे वाटले ते नंतर, हात धुताना, आणि तेही फार वेळ टिकले नाही.

रविवारी खोलीबाहेर मांडव घातला होता. तहसील कार्यालयातील एक अधिकारी आले होते, जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाचे एक प्राध्यापक आले होते. त्रिशरण-पंचशील झाले, प्रतिमांना हार झाले. पाहुण्यांसाठी खुर्च्या होत्या आणि त्यांच्या रांगेत शेवटची खुर्ची मला दिली होती. बाया समोर सतरंजीवर बसल्या होत्या. नानी त्यांच्यात पुढेच होती. तिने ठेवणीतले निळ्या काठाचे लुगडे नेसले होते. खोली लहान, म्हणून दार सताड उघडे ठेवले होते आणि समोरच्या भिंतीवर टांगलेला सदरा मांडवातूनही दिसत होता. नानीने तो पाहिला हे मी पाहिले. तिच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही.

प्राध्यापकांनी आत जाऊन माझे कार्ड वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले. बाहेर येऊन ते अधिकाऱ्यांच्या कानाशी काही बोलले आणि दोघेही माझ्याकडे पाहून आदराने हसले.

त्यांच्या मागोमाग आत गेले ते आमच्या वस्तीतले सर्वांत जुने खाणकामगार. खाणीत टोळीच्या प्रमुखाला सरदार म्हणतात. ते त्या जागेवरून निवृत्त झाले म्हणून सगळे त्यांना अजून सरदारच म्हणतात. ते सदऱ्यापाशी गेले, वाकले, बोट लावले, बोटाकडे पाहिले, आणि दारातूनच माझ्या आतेभावाला मोठ्याने म्हणाले, "काय मास्तर, ह्यो कोळसा कुठला बे?"

"कुठला म्हणजे? खाणीतला."

"आपला कोळसा चकाकतोय. उन्हात धरला तर डोळा मारतोय मानसाला. ह्यो मेलेला हाय. ह्यो इस्त्रीतला हाय."

मांडवात कुजबुज थांबली. अधिकाऱ्यांनी मान वळवली. आतेभाऊ गोंधळून माझ्याकडे पाहू लागला, कारण सदरा मी टांगला होता. मला उठायचे होते. वाक्यही तयार होते. 'ते मी केले आहे' एवढेच. माझे दोन्ही हात मांडीवरच्या कागदावर होते आणि ते तिथून निघेनात.

"म्या लावला," सतरंजीवरून नानी म्हणाली.

"तू?" सरदार म्हणाले. "कावून?"

"धुऊन टाकला व्हता ना मी. मग वाटलं, पावन्यांना काळाच बघायचा आसंल. लावला."

आधी मागून कोणीतरी हसले, मग सगळेच. "म्हातारी लई पुढं गेली बघा," एक जण म्हणाला. "ब्युटी पार्लर काढ आता, नानी," दुसरा म्हणाला. अधिकारीही हसत म्हणाले, "आजी, तुम्ही तर पहिल्याच दिवशी संग्रहालयाला फसवलंत." नानीने पदर तोंडावर घेतला आणि तीही त्यांच्याबरोबर थोडी हसली. सरदार तेवढे हसले नाहीत. ते हात झटकत बाहेर आले आणि विडी ओढायला मांडवाबाहेर गेले.

त्यानंतर आभाराचे दोन शब्द मला बोलायचे होते. मांडीवरचा कागद त्यासाठीच होता. मी उभी राहिले आणि लिहिले होते तसे वाचले. त्यात एक वाक्य असे होते: 'या खोलीतील प्रत्येक वस्तू खरी आहे, हेच या खोलीचे वैभव आहे.' ते मी गाळू शकले असते. गाळले असते तर पुढच्या वाक्याचा संदर्भ तुटला असता, असा काहीतरी विचार त्या क्षणी माझ्या मनात आला, आणि मी ते वाचले. टाळ्या झाल्या.

पुढचे आठ-दहा दिवस मी वस्तीकडे फिरकले नाही. आतेभावाचा फोन आला तेव्हा ताप असल्याचे सांगितले. तो म्हणाला, "नानीचं मनावर घेऊ नकोस, अक्का. वय झालंय तिचं." मी म्हणाले, "नाही घेत." फोन ठेवल्यावर मात्र मला बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी गेले.

नानी घरीच होती. "आलीस? चहा ठेव," म्हणाली, जणू मी रोजच येते. मी चहा ठेवला. पाणी उकळेपर्यंत, तिच्याकडे पाठ करून, मी सांगितले. इस्त्रीवाल्यापासून सगळे.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "किल्ली कुनाकडं व्हती?"

"मग तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"तू वर खुर्चीवर बसली व्हतीस. मी खाली. खाली बसलेल्याला पडायला जागा आसती का?" तिने कप घेतला. "मला हसले. हसू दे. मला काय उद्या शाळेत शिकवायचंय?"

मी म्हणाले की मी कार्ड बदलते; त्यावर स्पष्ट लिहिते की सदरा त्यांच्या पत्नीने धुतला होता आणि नंतर मी तो काळा केला. मला हा विचार आठवडाभर पुरला होता. त्यात मला एक प्रकारचा धीरही दिसत होता.

नानीने कप खाली ठेवला. "तिथं माझ्या नवऱ्याचं ठिवायचंय का तुझं?"

मी माझा कप उचलला.

"आता जे लिवलंय ते वाचून दाव," ती म्हणाली. "लोकं वाचत्यात, मला काय कळत न्हाई."

मी कार्ड तोंडपाठ म्हणून दाखवले. 'अपघाताच्या क्षणी अंगावर होता' इथपर्यंत आले तशी तिने हात वर केला.

"अंगावर कुठं? खुंटीवर व्हता. त्यो गेला तवा सदरा खुंटीवर व्हता, म्हनून तर आला माझ्याकडं. अंगावरचं काय आलंच न्हाई." ती थांबली. "कुनी सांगितलं तुला अंगावर व्हता म्हनून?"

कोणीही सांगितले नव्हते. मी विचारलेच नव्हते. शिकले नाही तर निदान विचारावे, असे मीच तिला चारचौघांत सुनावले होते.

खोली उघडून मी सदरा काढून आणला. नानीने तो मला पाटावर घेऊ दिला नाही. आधी दोरीवर उलटा टाकून काठीने झटकायला लावले. "कोरडा आसताना झाडायचा. पानी लागलं की कोळसा सुतात शिरतो आन् मग बसतो." मी तो ओल्या बोळ्यानेच लावला होता, हे तिला सांगावे लागले. तिने बादलीकडे बोट दाखवले. मग गार पाणी, मग रिठा, मग पुन्हा पाणी. ती ओट्यावरून सांगत होती आणि मी करत होते. जोर लावून चोळू लागले की ती म्हणे, "मारू नको त्याला." चौथ्या पाण्यालाही पाणी करडे येत होते. पोट आणि बाह्या निघाल्या. छातीवर मात्र एक करडी छाया राहिली, तळहाताहून मोठी. नानीने सदरा उन्हाकडे धरून पाहिला, आणखी एक पाणी द्यायला लावले, पुन्हा पाहिला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कापड इरंल."

मग तिने मला नवे कार्ड लिहायला बसवले. मी विचारले, काय लिहू? काकांविषयी, अपघाताविषयी, तिच्या इतक्या वर्षांविषयी ती काही सांगेल असे मला वाटले. मी लेखणी धरून बसले.

"लिव," ती म्हणाली. "उंच व्हता. सदरा आखूड दिसंल. धुऊन आटलाय."

"आणि?"

"आन् काय? लोकांना वाटंल बुटका व्हता."

मी तसेच लिहिले. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, आणि मग सदरा स्वतःच्या हाताने टांगायला माझ्याबरोबर खोलीपर्यंत आली.

आता प्रश्न आतेभावाला आणि वस्तीला सांगण्याचा होता. नानीने कार्डावर मला जागा नाकारली होती, तोंडावर मात्र कुलूप घातले नव्हते. रविवारी खोली उघडी असते. त्या रविवारी मी गेले तेव्हा आतेभाऊ वडवणीहून आला नव्हता. दारातल्या बाकावर सरदार एकटेच बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसले. सदरा काळा मी केला होता, हे सांगितले.

"बाई," ते म्हणाले, "आमाला तवाच कळलंतं."

"तेव्हाच? कशावरून?"

"खाली सदरा कोन घालतंय? भट्टी आसती ती. सदरा खुंटीला, उघड्या अंगानं काम. पाळी सुटली की तसल्याच काळ्या अंगावर सदरा चढवायचा आन् वर यायचं. आमचा सदरा काळा व्हायचा त्यो आतून. भाईरनं न्हाई." त्यांनी विडी विझवली. "नानीनं लावला आसता तर आतून लावला आसता. तिनं जलमभर धुतलाय त्यो. तिला ठावं न्हाई व्हय?"

"मग सगळे हसले ते?"

"हसले म्हंजे काय. ती बोलली, लोकं हसली. पावण्यांनी खरं मानलं, बास झालं. आपल्यातली एक शिकून वर बसलीया, तिला चार लोकांत कावून पाडायचं?"

म्हणजे त्या मांडवात न कळणारी माणसे तीनच होती: दोन पाहुणे आणि आतेभाऊ. बाकी सारी वस्ती मला सांभाळून घेत होती, आणि त्यांच्यासमोर उभी राहून मी खरेपणाविषयी वाचून दाखवले होते. मला वाटले होते की माझी लाज माझ्यापाशी आणि नानीपाशी आहे. ती सतरंजीभर पसरलेली होती, आणि प्रत्येकाने तिचा एकेक कोपरा गुपचूप धरून ठेवला होता.

मी उठणार होते. तेवढ्यात गावात लग्नाला आलेल्या चार-पाच बाया विहार पाहून खोलीत डोकावल्या. सरदार गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि त्यांना एकेक वस्तू दाखवू लागले. दिवा दाखवला, बिल्ले दाखवले. सदऱ्यापाशी आल्यावर त्यांनी तो खुंटीवरून उतरवला, आतली बाजू बाहेर काढली आणि म्हणाले, "हितं काळं आसायचं. आता न्हाई. बायकूनं धुतलंय." बायांनी मान हलवली, ते त्यांना चटकन कळल्यासारखे दिसले. त्यांनी सदरा सुलटा करून पुन्हा टांगला.

"मंग ह्ये?" त्यांच्यातली एक छातीवरच्या छायेला बोट न लावता विचारू लागली. "ह्ये कशाचं?"

टोपली भिंतीला नीट लावण्याच्या निमित्ताने सरदार खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्या बाईने मग माझ्याकडे पाहिले, कारण दारात मी उभी होते आणि खोलीत बोलू शकेल असे दुसरे कोणी नव्हते.

"ते माझं आहे," मी म्हणाले. "मी लावलं आहे."

माझा आवाज इतका खाली गेला होता की तिला तो पोहोचला नाही.

"काय म्हनलात, बाई?" तिने विचारले, आणि ते सगळे मला पुन्हा, पहिल्यापासून, तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे लागले.